जमादारणीचे साक्षीदार

आमच्या आक्काचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, स्वतःच्या हाताच्या पाठीवर. पाणी असो, माती असो, रोपांच्या ट्रेमधलं नारळाच्या काथ्याचं कोकोपीट असो की तापलेल्या माणसाचं कपाळ, ती हात उलटा करून टेकवायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. आखाडा बाळापुरात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. बी न्यायला दुकानात आली की ती पाकिटांनाही असाच उलटा हात लावायची आणि म्हणायची, "गरम हाय. पत्र्याखाली ठिवलं व्हतं ना?" मी म्हणायचो, "आक्का, उन्हाळा हाय. समदंच गरम हाय." त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची की आपण खरंच काहीतरी लपवतोय असं मलाच वाटू लागायचं.

गावानं तिला जमादारीण हे नाव ठेवलं होतं. पोलिसखात्याशी तिचा संबंध एवढाच, की ती बोलायला लागली की समोरचा माणूस जबाब देतोय असं वाटायचं. नांदेड रस्त्याला लागून तिची अर्ध्या एकराची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीच्या शेडनेटखाली मिरची, वांगी, टमाट्याची रोपं ती तयार करायची आणि आसपासच्या गावांतले भाजीपालावाले ती घेऊन जायचे. घरात नवरा होता, पण तो फारसा बोलत नसे. बोललेलं पुढे कधी आपल्यावरच उलटेल, याची त्याला बहुधा कल्पना असावी. मुलगा पुण्याकडे कामाला होता. सून रेखा आक्काच्या हाताखाली राबायची आणि सासूच्या संशयाचा सगळ्यात मोठा वाटा तिच्याच पदरी यायचा.

हा संशय उगाच नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. शेडनेटमध्ये पाणी द्यायला विहिरीवरून काळा पाइप आणला होता. दुपारभर उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहाच्या आधणासारखं होतं. कुणी घाईत कॉक उघडला आणि ते पहिलं पाणी रोपांवर गेलं तर कोवळी पानं जागच्या जागी माना टाकतात. आक्का आधी पाइपाचं तोंड बांधाकडे करायची आणि तान्ह्या लेकराच्या अंघोळीचं पाणी बघावं तसा हात लावत बसायची. थंड धार लागली की मगच ती पाइप ट्रेकडे वळवू द्यायची. रेखा म्हणायची, "आत्या, मी सोडलंय की पानी वाया." आक्का म्हणायची, "तू सोडलंय म्हनूनच हात लावून राहिले."

गिऱ्हाइकाची ती आधी चौकशी करायची आणि मग रोप द्यायची. रान कुठं आहे, पाणी किती वाजता येतं, लावणार कोण, घरचे की मजूर, इथपासून सुरुवात व्हायची. मजूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग भर दुपारी लावतील का?" एकदा कळमनुरीकडचा एक तरणा माणूस ऐन बाराला मोटारसायकल घेऊन आला आणि मागच्या सीटवर ट्रे बांधून मागू लागला. आक्का म्हणाली, "हे रोप कळमनुरी येईपस्तोर भाजी व्हईल. सांजंला ये, पोत्यानं झाकून ने." तो चिडून दुसऱ्या नर्सरीत गेला. मी तिथंच होतो. म्हटलं, "आक्का, आलेलं गिऱ्हाईक घालवलंत." ती म्हणाली, "गिऱ्हाईक गेलं, रोप तर वाचलं."

एकदा मी तिला खतवाल्यांकडून आलेला एक भिंतीवरचा तापमापक भेट दिला. मला वाटलं होतं, म्हातारी खूश होईल. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यावरचे आकडे कोन लिवले?" मी म्हटलं, कंपनीनं. ती म्हणाली, "मंग?"  तिनं तो शेडनेटच्या खांबाला टांगला खरा, पण रोज सकाळी आधी ती मातीला हात लावून बघायची आणि मग रेखाला आकडा वाचायला लावायची. जुळलं तर म्हणायची, "आज खरं बोललं."

पण तिचा सगळ्यात मोठा संशय होता तो फुलावर. उन्हाच्या तडाख्यात, अडचणीत वाढलेल्या मिरचीच्या रोपाला कधी कधी ट्रेमध्येच, वीतभरही उंची नसताना, पांढरं फूल येतं. गिऱ्हाइकं अशा रोपांवर तुटून पडतात. त्यांना वाटतं, आत्ताच फूल आलंय म्हणजे फळ लवकर येणार. बाकीचे नर्सरीवाले तर अशी रोपं मुद्दाम पुढच्या रांगेत ठेवतात. आक्का मात्र सकाळी उठून एक-एक फूल नखानं खुडून टाकायची. एकदा तर एका बाईनं फुलासकट रोप मागितलं म्हणून आक्कानं तिच्या डोळ्यांदेखत ते फूल खुडलं आणि रोप हातात दिलं.

मी विचारलं, "काहून खुडता? लोकांना तर तेच पायजे." ती ट्रेवरून नजर न काढता म्हणाली, "रोपाला तकलीफ झाली, जगायचा भरवसा राहिला न्हाई, की ते घाईनं फूल काढतं. आपलं कायतरी मागं ऱ्हावं म्हनून. लोकायला वाटतं, लई जोमात हाय." मग पुढचं फूल खुडत म्हणाली, "माझं लगीन झालं तवा मला लुगडं नेसता येत नव्हतं. समदे म्हनले, पोरगी लौकर मार्गी लागली." एवढं बोलून ती पुढच्या ट्रेकडे सरकली. 

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आम्हा दोघांच्या चांगलाच लक्षात राहिला. थंडी आली कधी नि गेली कधी ते कळलंच नाही. ट्रेमधलं टमाट्याचं बी एकसारखं उगवलं नाही. जे उगवलं ते उंच, बारीक, मान वाकडी करून उभं. पानांच्या कडा वळलेल्या. आक्कानं तहान-भूक विसरून ती रोपं सांभाळली, दिवसातून चार वेळा पाण्याचा फवारा दिला आणि चांगली तेवढीच विकली. तिचा एक नियम होता, सासूकडून आलेला, की शिवरात्र झाली की टमाटे लावायचे. दर वर्षी ती गिऱ्हाइकांना तेच सांगायची आणि लोक डोळे झाकून तसं करायचे. त्या वर्षीही चार गावांतल्या लोकांनी तिच्या सांगण्यावरून शिवरात्रीनंतर टमाटे लावले.

झाडं वाढली, फुलं आली आणि गळू लागली. देठापाशी फूल पिवळं पडायचं आणि बोट लावलं की खाली. झाडाखाली फुलांचा सडा आणि झाडावर एक फळ नाही. लोक मोबाइलवर फोटो घेऊन आक्काच्या दारात आले. एक जण तर रस्त्यावरूनच ओरडला, "जमादारीण, रोपं खोटी दिली तुमी!" ज्या बाईनं सगळ्या मुलखाची झडती घेतली, तिच्यावरच आता आळ आला होता. तिच्याकडे पाटी नव्हती, जाहिरात नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. जमादारणीकडचं रोप म्हणजे खरं रोप, एवढं नावच तिच्याकडे होतं, आणि ते जायच्या बेतात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात. मी तिला बसा म्हणालो तर बसली नाही. सरळ मागच्या खोलीत गेली, टाचा उंचावून पत्र्याला उलटा हात लावला आणि म्हणाली, "बी इथंच शिजलं."  खरं सांगतो, रात्री मीही तेच तपासलं होतं. पाकिटांवरच्या तारखा बघितल्या होत्या, खोलीत उभं राहून किती उकडतं ते बघितलं होतं. वरवर मी म्हणालो, "आक्का, ऊन हाय हे. दिवसाचं तर सोडाच, रात्रीबी गार पडत न्हाई. अशानं फुलातले पराग मरतेत आन् फळ धरत न्हाई. कृषीच्या साहेबानं मीटिंगमध्ये सांगितलं व्हतं." ती म्हणाली, "ऊन काय ह्याच साली आलं का? ऊन बोलत न्हाई, म्हनून समदे त्याच्यावरच ढकलतेत."

मनातल्या मनात मीही तिच्यावर संशय घेत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हातारीनं दुसरीकडचं स्वस्त बी मिसळलं नसेल कशावरून? जुनी, कडक झालेली रोपं खपवली नसतील कशावरून? आम्ही दोघं आठ दिवस एकमेकांकडे असे बघत होतो, जसे एकाच बसमध्ये पाकीट मारलं गेल्यावर शेजारचे दोन प्रवासी बघतात. आक्काची यादी मात्र माझ्यावर थांबली नाही. शेजारच्या शेतात तणनाशक फवारलं होतं, त्याचा वारा आला असेल. रेखानं पहिलं पाणी सोडलं असेल. गिऱ्हाइकांनी युरिया जास्त टाकला असेल. आणि कळमनुरीच्या पलीकडची गंगाबाई म्हणून एक बाई होती, एकटीनं एकरभर टमाटे लावलेली, ती तर आक्काच्या मते पक्की आरोपी होती. का, तर ती तक्रार घेऊन आलीच नव्हती. "समदे आले, ही न्हाई आली," आक्का म्हणायची. "हिच्या पोटात कायतरी हाय."

आता तिच्या साक्षीदारांबद्दल सांगायला हवं. विकलेल्या प्रत्येक खेपेतली चार-चार रोपं आक्का घरामागच्या वाफ्यात लावून ठेवायची. कोणत्या गावाला गेलेली खेप कोणती, हे कळावं म्हणून काडीला रंगीत चिंधी बांधायची, कारण लिहिता येत नव्हतं. गिऱ्हाईक भांडायला आलं की ती त्याला मागं नेऊन ती झाडं दाखवायची, "हे बघ, तुझ्या रोपाचा भाऊ. ह्याला काय झालं न्हाई, मंग तुझ्याला काहून झालं?" त्या चार-चार रोपांना ती साक्षीदार म्हणायची. अशा साक्षीदारांनी तिला आजवर कैक भांडणांतून सोडवलं होतं.

त्या वर्षी साक्षीदारही फिरले. पिवळी चिंधी, लाल चिंधी, निळी चिंधी, सगळ्यांची फुलं गळाली. फक्त हिरव्या चिंधीच्या चार झाडांना हरभऱ्याएवढी फळं धरली होती. ती ओळीच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीलगत होती. आक्कानं मला बोलावून घेतलं. तिला आधी वाटलं, गोठ्यातलं गोमूत्र मिळालं असेल. मग तिनं उकरून बघितलं, उतार उलट्या बाजूला निघाला. मग हिरव्या चिंधीचं बी वेगळं असेल, असं म्हणून ती माझ्याकडे वळली. मी पाकीट काढून दाखवलं, बी एकच होतं. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. दुपारचे दोन वाजले होते. गोठ्याच्या भिंतीची सावली हळूहळू सरकत त्या चार झाडांवर आली आणि बाकीची बारा झाडं उन्हात तशीच तडतडत राहिली.

 आक्का आत गेली, दोन जुनी, विटून पांढरी पडलेली लुगडी घेऊन आली आणि बांबू रोवून लाल आणि निळ्या चिंधीच्या झाडांवर बांधली. पिवळी तशीच उघडी ठेवली. रेखाला सांगितलं, रोज बाराला लुगडं ओढायचं, सांजेला काढायचं, पाणी सगळ्यांना बराबर द्यायचं. आणि रेखा बराबर करते की नाही हे बघायला स्वतः बाजूला बसून राहिली. पंधरा दिवसांनी तिनं मला परत बोलावलं. लाल आणि निळ्या चिंधीच्या झाडांना नवीन फुलांतली काही फळं धरली होती. पिवळ्याला एक नाही.

मला वाटलं, आता ती म्हणेल, दुकानदार, तुमचं खरं होतं. ती म्हणाली, "तुमी ह्या खेपेला सुटलात." आणि वाफ्याच्या कडेला खाली बसली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "रोप खरं. बी खरं. येळ खोटी. आन् येळ मी दिली." मी समजूत घालायला गेलो, की सासूच्या काळी थंडी लांबायची, फुलं सोसायची, आता आधीच तापतं, यात तुमचा काय दोष. तिनं मला हातानंच थांबवलं. साऱ्या जगावर संशय घेतला, पण ह्या तारखेवर कधी घेतला नाही, हेच तिला लागलं होतं. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा म्हातारी दिसली.

दुसऱ्याच दिवशी तिनं ठरवलं, चारही गावांना जाऊन हे स्वतः सांगायचं. मी म्हटलं, मी दुकानातून फोन करतो, तुम्ही कशाला उन्हातान्हाचं जाता. तिनं डोळे बारीक केले. "तुमाला काहून पायजे मी घरी बसावं? तुमी तिकडं काय सांगनार?" शेवटी भल्या सकाळी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून ती निघाली. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, हातात पाण्याची बाटली. पहिल्या गावात एका माणसानं तोंडावर सुनावलं, "आता सांगून काय उपेग?" तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या गावात एकानं झाडं उपटून बांधावर टाकली होती. ती त्या वाळलेल्या झाडांकडे बघत म्हणाली, "उपटायला नगं व्हतं. दुपारची सावली केली असती, सांजंला पानी दिलं असतं, तर गार पडल्यावर पुन्ना फुललं असतं."  तिसऱ्या गावात मात्र दोघांनी तिच्या सांगण्यावरून मिरचीवरचं जुनं शेडनेट टमाट्यांवर ओढायचं कबूल केलं.

शेवटी चौथ्या गावी, गंगाबाईच्या शेतावर आम्ही पोचलो. ती पन्नाशीची, काटक बाई, बांधावर शेळ्या बांधून बसली होती. आक्कानं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "गंगाबाई, टमाट्याची चूक माझी हाय. रोपाची न्हाई, बियाची न्हाई. मी लावायची येळ चुकीची सांगितली." गंगाबाई उठली, तिला हाताला धरून शेताच्या कडेला घेऊन गेली. बांधावर कडुलिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्या दुपारच्या सावलीत येणाऱ्या दोन ओळींना फळं लगडली होती. पुढची सगळी रिकामी. गंगाबाई म्हणाली, "आक्का, मला कवाच म्हाईत व्हतं."

आक्कानं विचारलं, "मंग बोलली काहून न्हाईस?" गंगाबाई म्हणाली, "कुनाला बोलू? बाजारात सांगितलं असतं तर लोक म्हनले असते, रोपवालीनं टाइम चुकवला. पुन्ना कोन आलं असतं तुमच्या दारात? समद्यायचंच पीक गेलं व्हतं. म्हनलं, आपलं एक तोंड बंद ठिवावं." आक्काचा आवाज चढला. "तुझं एकरभर रान गेलं आन् तू माझं नाव राखत बसली?" गंगाबाई हसली. म्हणाली, "रान काय, पुढल्या सालीबी पिकतंय." आक्का त्या लिंबाखाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. गंगाबाई शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी उगाचच शेळ्यांकडे बघत उभा राहिलो.

 परत येताना कळमनुरी मागं पडली, बाळापूरचा रस्ता लागला, तेव्हा ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दुकानदार, मी त्या बाईवर सगळ्यात जास्त संशय घेतला. आन् तिनंच मला झाकलं. आता मला सांगा, मानूस वळखायचं तरी कसं?" समोर रस्त्यात खड्डे होते. मी म्हणालो, "घट्ट धरा आक्का, रस्ता खराब हाय," आणि गाडी हळू केली. 

त्याच वर्षी हिवाळ्यात चार दिवसांच्या आजारपणात आक्का गेली. रोपवाटिका आता रेखा चालवते आणि टमाटे कधी लावायचे हे ती गिऱ्हाइकाचं रान बघून सांगते. गिऱ्हाइकं कमी झालेली नाहीत. मला मात्र त्या रस्त्याची आठवण टोचत राहते. इतकी वर्षं तिनं मला शेकडो प्रश्न विचारले, सगळे मला पकडायला. त्या दिवशीचा एकच प्रश्न असा होता की त्याचं उत्तर तिला माझ्याकडून खरोखर हवं होतं. ते द्यायचं सोडून मी तिला खड्डे दाखवले.